गिरनारच्या पायऱ्या आणि भिंतीवरचे कालनिर्णय : वैयक्तिक व्यायाम-मार्गदर्शनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील ५८ वर्षांच्या एका निवृत्त महिलेचे आहे. त्यांच्या परवानगीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना काकू म्हणत असे, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. घरोघरी जाऊन व्यायाम आणि आरोग्यविषयक सवयी यांचे मार्गदर्शन करणे हे माझे काम आहे. उपचार आणि औषधे माझ्या कामात येत नाहीत. ही रेघ या प्रकरणात एका ठिकाणी पुसट झाली आणि पुढचा बराचसा धडा तिथूनच निघाला.

काकूंनी सरकारी कार्यालयात ३४ वर्षे टेबलाशी बसून काम केले. निवृत्तीनंतर वर्षभरात गुडघ्यांनी डोके वर काढले, आणि एक्स-रेमध्ये झीज नुकतीच सुरू झाल्याचे दिसले. मधुमेह आठ वर्षांपासून होता, रक्तदाबाची गोळीही चालू होती. उंची १५४ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, कमरेचा घेर ९४ सेंटीमीटर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ७.६ असे चित्र होते. भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची मर्यादा ८० सेंटीमीटर मानली जाते.

त्यांच्या भजनी मंडळातल्या ११ जणी पुढच्या जानेवारीत गिरनारला जाणार होत्या. काकूंनी फार पूर्वी बोललेला नवस फेडायचा राहिला होता. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “अगं, मला फक्त दहा किलो कमी करून दे, पायऱ्यांचं माझं मी बघते.” तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, हाताशी जवळजवळ ११ महिने होते.

मूळ प्रश्न

गिरनारच्या दत्तशिखरापर्यंत सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत. आमच्या पर्वतीला १०३. म्हणजे केवळ चढाईचा हिशेब धरला तरी पर्वती ९७ वेळा चढण्याएवढे काम, आणि तेवढेच उतरणे. आकडा सांगितल्यावर काकू हसल्या. काका मात्र वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघू लागले.

मी जेवणघरातली साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते पाहिले. काकूंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. पाचव्या वेळी शरीर पुढे झुकू लागले, सातव्या वेळी डावा हात आपोआप टेबलाकडे गेला. मोजणी आठवर थांबली. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठी या चाचणीत १२ ते १७ हा सर्वसाधारण टप्पा समजला जातो. काकू त्याहून लहान असून बऱ्याच मागे होत्या.

म्हणून त्यांनी मांडलेला प्रश्न वजनाचा असला तरी मला दिसलेला प्रश्न मांड्यांतल्या ताकदीचा होता. आहाराची तीन दिवसांची नोंद पाहिली तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे काकूंना जवळपास ५९ ग्रॅम. त्यांच्या पोटात चाळीससुद्धा जात नव्हती. पातळ वरणाची एक वाटी पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाही, आणि रात्रीचे जेवण बहुधा पोळी, बटाट्याची भाजी आणि ताक एवढेच असे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काकूंचाच होता : कडक आहार, जवळच्या केंद्रातला झुंबाचा गटवर्ग आणि वजनकाट्यावर लक्ष. तो सरसकट मोडीत काढण्यासारखा नव्हता, कारण एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पण या वयात नुसती उपासमार करून घटवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पायऱ्या चढायच्या तर काकूंना नेमके तेच हवे होते.

दुसरा पर्याय घरच्यांचा होता : गुडघे ठीक होईपर्यंत फक्त चालावे. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांतीच हवी, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या झिजेवर योग्य मापाचा व्यायाम हा पहिल्या फळीचा उपाय मानला जातो.

तिसरा पर्याय मी मांडला. आधी चार महिने ताकद, त्याच्या जोडीला चालणे, आणि वजनाला स्वतंत्र उद्दिष्ट न मानणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. त्यातला दुसरा भाग आपल्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गावीही नसतो. काकू तयार झाल्या, पण वजनकाटा पलंगाखालून बाहेर काढून ठेवूनच.

सुरुवात करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांची परवानगी आवश्यक होती. ती मिळवण्यात दोन आठवडे गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. डॉक्टरांनी ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताण-चाचणी केली, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितले आणि तळपायांची संवेदना पाहिली. जुन्या मधुमेहात पावलाला फोड आला तरी कळत नाही, आणि गिरनारच्या वाटेवर ते महागात पडले असते.

पहिले आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसातला मी जात असे. साधने घरातलीच होती : खुर्ची, लाकडी पाट, ओटा, रबराचा पट्टा आणि पुढे पुढे पाठपिशवीत दोन किलो तांदूळ. खुर्चीवर आधी उशी ठेवून उंची वाढवली, मग उशी काढली. पाटावर चढणे-उतरणे सुरू केले ते ओट्याला हात लावून. ओट्यावर हात टेकवून तिरके जोर काढण्याला काकूंनी “पोळ्या न लाटता कणीक मळणे” असे नाव दिले. दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले तर पुढे जायचे, नाही तर एक पायरी मागे यायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून होता.

चालण्याचा वेग मोजायला घड्याळ वापरले नाही. एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणत चालायचे. पाढा सलग म्हणता आला तर वेग वाढवायचा, दोन ओळींमध्येच धाप लागली तर कमी करायचा. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली पक्की केली. जेवणानंतर लगेच थोडे चालल्याने साखरेची उसळी कमी राहते हे आता नीट सिद्ध झालेले आहे, पण काकूंना पटवायला त्यातल्या कशाचीच गरज पडली नाही. “आमची आजी हेच सांगायची,” एवढे म्हणून त्या गॅलरीत फिरू लागल्या.

स्वयंपाकात उलथापालथ केली नाही. वरण घट्ट झाले, नाश्त्याला पोह्यांच्या जागी आठवड्यातून चार दिवस मुगाचे धिरडे आले, दुपारी मटकीची किंवा चवळीची उसळ आणि दह्याची वाटी ठरली.

संकष्टीची सकाळ

नवव्या आठवड्यात पाटावरून उतरताना काकू एकदम थांबल्या. कपाळावर घाम होता, पण तो व्यायामाचा नव्हता, कारण सुरुवात करून जेमतेम वीस मिनिटेच झाली होती. बोटे थरथरत होती आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सुचत नव्हते. काकांनी कपाटातून ग्लुकोमीटर आणला. आकडा ५८ आला. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ताबडतोब उपाय करावा लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ८४ होती.

त्या खुर्चीत बसल्या असताना माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत संकष्ट चतुर्थी आणि चंद्रोदयाची वेळ छापलेली होती. आठ आठवडे मी त्याच भिंतीसमोर उभी राहून व्यायाम घेत होते. काकू लग्नाआधीपासून संकष्टी करतात. आधीची संकष्टी आमच्या सुट्टीच्या दिवशी आली होती, म्हणून कळले नव्हते. त्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, सवयीने सकाळची गोळी घेतली आणि व्यायामाला उभ्या राहिल्या.

माझ्या नोंदपत्रकात “मधुमेहाचे औषध : होय” असे लिहिलेले होते. औषधाचे नाव मी विचारले नव्हते. काकू मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही घेत होत्या. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा इतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो, आणि व्यायामाने स्नायू साखर ओढून घेऊ लागले की भर पडते. हे मला माहीत होते. माहीत असून विचारले नाही, ही चूक पूर्णपणे माझी.

त्या दुपारी समोर तीन वाटा होत्या. उपवास सोडायला सांगणे, उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायला सांगणे, किंवा व्यायाम दुसऱ्या दिवशी ढकलणे. पहिली वाट काकूंना मान्य होणार नव्हती आणि त्यांच्या श्रद्धेत हात घालण्याचे मला कारणही नव्हते. दुसरी सर्वांत सोपी होती, आणि काकांनी ती मला सुचवलीही : “तूच सांग ना, आज गोळी नको म्हणून.” गोळीबद्दल एक शब्दही मी बोलायला नको होता आणि बोलले नाही. एका पानाची चिठ्ठी लिहिली, तिच्यात घटनेची वेळ, आकडे, उपवासाच्या तारखा आणि व्यायामाचा कार्यक्रम नमूद केला, आणि काका-काकू ती घेऊन दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचे प्रमाण निम्मे केले आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे ते स्वतः लिहून दिले.

व्यायामाचे वेळापत्रक त्याच आठवड्यात नव्याने मांडले. कालनिर्णय खाली उतरवून पुढच्या नऊ महिन्यांच्या संकष्ट्या, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांवर खुणा केल्या. त्या दिवशी ताकदीचा व्यायाम नाही, काही खाऊन झाल्यावर हलके चालणे तेवढे. उपवासाच्या फराळात साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही असा बदल काकूंनी स्वतःच सुचवला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते हे त्यांना सांगितले होते, पण खरे कारण त्यांनी नंतर सांगितले : “तसंही मला खिचडीनं जळजळतंच.”

मेमध्ये एचबीए१सी ७.० वर आला आणि खुर्चीची मोजणी बारावर गेली. वजन ६९.२. काकूंना त्यातला शेवटचा आकडा तेवढा दिसला.

ठाण्याचे नऊ आठवडे

जुलैत काकू लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ठाण्याला गेल्या. सहा आठवड्यांसाठी गेल्या आणि नऊ आठवडे राहिल्या. तोपर्यंत आमच्या भेटी आठवड्याला दोनवर आल्या होत्या. ही कपात ठरवून केलेली होती, कारण माझ्या येण्यावरच व्यायाम अवलंबून राहिला तर तो टिकत नाही. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हा तोट्याचा सल्ला आहे हे कबूल.

मी आधी व्हिडिओ कॉलवर सकाळची वेळ ठरवली. ज्या घरात तान्हे बाळ आणि चार वर्षांचे भावंड आहे तिथे साडेसातची वेळ कोणी पाळू शकेल, असे मला का वाटले कोण जाणे. तीन आठवड्यांत ठरलेल्या सहापैकी दोनच सत्रे झाली, आणि काकू दर वेळी अपराध्यासारख्या बोलू लागल्या. ते बोलणे मला सत्र चुकण्यापेक्षा अधिक धोक्याचे वाटले. माणूस व्यायाम सोडतो त्याच्या आधी फोन उचलणे सोडतो.

चौथ्या आठवड्यात कार्यक्रम बारा मिनिटांवर आणला आणि घड्याळापासून सोडवला. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत खुर्चीवरून उठबस, तिथून तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्यावरचे जोर आणि टाचा उचलणे. रात्री बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या, त्या तशाही होतच होत्या. निजण्यापूर्वी मला एका शब्दाचा संदेश : “झालं” किंवा “नाही”. उरलेल्या ४२ दिवसांत २९ वेळा “झालं” आले.

परत आल्यावर वजन ७०.४ होते आणि एचबीए१सी ७.१. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले काही कुठे गेले याची काकूंनी तपशीलवार कबुली दिली. खुर्चीची मोजणी मात्र अकरा आली. नऊ आठवड्यांत एकच पायरी खाली येणे हे माझ्या मते या सबंध प्रकरणातले सर्वांत मोलाचे यश होते, आणि ते पटवून देणे सर्वांत अवघड गेले.

रोपवेचा निर्णय

ऑक्टोबरपासून पर्वतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. नोव्हेंबरच्या मध्याला आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून पाहिला. चढायला दोन तास दहा मिनिटे लागली, धाप आटोक्यात होती. उतरताना मात्र उजवा गुडघा बोलू लागला आणि दोन दिवस सूज राहिली. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना शरीराचा भार पेलत असतो. तो सराव मी फारच उशिरा वाढवला होता, हे त्या सुजेने सांगितले.

गिरनारला अंबाजीच्या मंदिरापर्यंत, म्हणजे साधारण निम्म्या पायऱ्यांपर्यंत, ऑक्टोबर २०२० पासून रोपवे आहे. चार पर्याय मांडले : मंडळाबरोबर रात्री सगळ्या पायऱ्या चालणे, चालत चढून अंबाजीपासून रोपवेने उतरणे, दोन्ही वेळा रोपवे घेऊन अंबाजीपासून पुढचे चालणे, किंवा यात्रा वर्षभर पुढे ढकलणे. मी तिसऱ्याच्या बाजूने होते. अंबाजीपासून पुढची वाटही काही सरळ चढाची नाही. गोरखनाथाच्या शिखरावर चढून बरेच खाली उतरावे लागते आणि मग दत्तशिखराची चढण लागते, त्यामुळे येताना पुन्हा चढ असतोच.

काकूंना हे पटायला दहा दिवस लागले. “रोपवेनं गेलेलं दर्शन पोचतं का गं?” त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. काका पेपरामागून म्हणाले, “दत्तमहाराज तिकीट तपासत नाहीत.” निर्णय तिथे झाला. जोराचा वारा असला की रोपवे बंद राहतो, म्हणून परतीसाठी डोलीचा पर्याय आणि एक जादा मुक्काम आधीच ठरवला. उरलेले सहा आठवडे पाटाऐवजी जिन्याच्या पायरीवरून हळूहळू उतरण्याचा सराव केला : पाऊल टेकेपर्यंत चार आकडे मोजायचे, मगच भार सोडायचा.

निष्पत्ती

जानेवारीत काकू सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमधल्या रोपवेने अंबाजीला पोहोचल्या, तिथून पादुकांपर्यंत चालत गेल्या आणि दुपारी अडीचला अंबाजीला परतल्या. कमरेच्या पिशवीत ग्लुकोमीटर, साखरेच्या पुड्या आणि राजगिऱ्याच्या वड्या होत्या. दर तासाला थोडे खायचे ठरले होते ते त्यांनी पाळले. गोरखनाथापासूनचा उतार त्या कठड्याला धरून आडव्या पावलांनी उतरल्या. गुडघा तीन दिवस दुखला, सुजला नाही.

महिनाअखेरीस वजन ६६.८ किलो, घेर ८८ सेंटीमीटर, एचबीए१सी ६.६, खुर्चीची मोजणी १५. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवले, मेटफॉर्मिन चालू आहे. दहा किलो कमी झाले नाहीत. यातले किती व्यायामाने, किती आहाराने आणि किती निवृत्तीनंतर सुधारलेल्या झोपेने, हे एका व्यक्तीच्या नोंदींवरून वेगळे करता येत नाही, आणि सगळे श्रेय व्यायामाच्या खात्यावर मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुन्हा करायचे झाले तर

नोंदपत्रक मी बदलले आहे. औषधाचे नाव, प्रमाण आणि घेण्याची वेळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरवून घेते, आणि उपवासांचा स्वतंत्र रकाना ठेवला आहे : चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र, रोजे, पर्युषण. “उपवास करता का?” एवढेच विचारून भागत नाही. काकूंनी त्याला “फारसे नाही” असेच उत्तर दिले असते, कारण महिन्यातून एकदा होणारी संकष्टी त्यांच्या हिशेबी उपवासात धरण्याइतकी मोठी नव्हती.

उतरण्याचा सराव जूनमध्येच सुरू व्हायला हवा होता. मी चढाईच्या आकड्याने भारले गेले होते. तो झाला असता तर डिसेंबरमध्ये चालत चढण्याचा पर्याय कदाचित खुला राहिला असता.

वजनकाट्याबाबत मी मवाळ राहिले. काकू रोज सकाळी वजन करत आणि अर्धा किलो वर-खाली झाला की दिवसभर खट्टू असत. आठवड्यातून एकदा, तेही वहीत लिहून, असे पहिल्याच दिवशी ठरवायला हवे होते. काकांनाही मी उशिरा कामात घेतले. ते संध्याकाळी भडंग आणत आणि काकू सोबत म्हणून खात, हे मला सप्टेंबरमध्ये कळले. आता दोघे मिळून शतपावली करतात, भडंग रविवारी येते.

सध्या मी महिन्यातून एकदा जाते. पुढच्या वर्षी खालून पायऱ्यांनी जायचे की नाही, हे काकूंनी अजून ठरवलेले नाही. जिन्याच्या पायरीवर चार आकडे मोजत उतरणे मात्र आठवड्यातून दोनदा चालू आहे, आणि नव्या कालनिर्णयवर संकष्टीच्या खुणा त्यांनी या वेळी स्वतः केल्या आहेत.